बॅटरसी आर्ट्स सेंटर

बॅटरसी आर्ट्स सेंटर : दक्षिण लंडनमधील लॅव्हेंडर हिल या रस्त्यावरचे कलाकेंद्र. ही मूळची बॅटरसी टाऊन हॉलची इमारत. १८९३ मध्ये ती लोकांसाठी खुली झाली आणि १९७४ पासून तिथे कलाकेंद्र चालते. १३ मार्च २०१५ रोजी लागलेल्या आगीत इमारतीच्या मागच्या बाजूचे मोठे सभागृह, म्हणजे ग्रँड हॉल, जळून गेले. साडेतीन वर्षांनी, सप्टेंबर २०१८ मध्ये, ते पुन्हा उघडले. जुन्या नगरभवनाला कलेसाठी नवे आयुष्य देण्याचे प्रयत्न जगभर होतात. त्यांत बॅटरसीचे नाव वेगळे घ्यावे लागते, कारण इथल्या जीर्णोद्धाराने आगीच्या खुणा झाकल्या नाहीत.

इमारतीचे वास्तुकार एडवर्ड विल्यम माउंटफर्ड. लंडनचे प्रसिद्ध ओल्ड बेली न्यायालय त्यांनीच पुढे बांधले. याच रस्त्यावरचे बॅटरसीचे वाचनालयही त्यांचेच. बॅटरसी तेव्हा कारखान्यांत आणि रेल्वेत राबणाऱ्यांची वस्ती होती. अशा वस्तीच्या कारभारासाठी कुणी साधी कचेरी बांधली असती तर नवल नव्हते. इथे मात्र लाल विटा आणि फिकट दगडाची भारदस्त दर्शनी बाजू उभी राहिली, आत संगमरवरी जिना आला, रंगीत काचेचा घुमट आला. प्रवेशदालनातली जमीन मोझेकची आहे आणि तिच्यात बारीक तुकडे जुळवून मधमाश्या काढल्या आहेत. मधमाशी हे कष्टाचे चिन्ह. कर भरायला, तक्रार घेऊन किंवा सभेला आलेला माणूस या मधमाश्यांवरून चालत आत जाई. आज नाटकाला येणारा प्रेक्षकही त्यांच्यावरूनच जातो.

पुढच्या भागात नगरसभेचे दालन व कचेऱ्या, मागे ग्रँड हॉल आणि दोहोंना जोडणारे अष्टकोनी दालन, अशी इमारतीची मांडणी आहे. ग्रँड हॉलमध्ये १९०१ मध्ये रॉबर्ट होप-जोन्स यांनी घडवलेला पाइप ऑर्गन बसवण्यात आला. ऑर्गनच्या पट्ट्या आणि नळ्या विजेने जोडण्याच्या तंत्रात होप-जोन्स अग्रेसर होते. त्यामुळे या वाद्याला संगीताच्या आणि यंत्रविद्येच्याही इतिहासात जागा आहे.

या इमारतीचे खरे वैभव मात्र तिथे झालेल्या बोलण्यात आहे. नोव्हेंबर १९१३ मध्ये जॉन आर्चर यांची बॅटरसीच्या महापौरपदी निवड झाली. ४० विरुद्ध ३९ अशी मते पडली. म्हणजे एका मताचा फरक. आर्चर यांचे वडील बार्बाडोसचे, आई आयरिश. लंडनमधील एखाद्या बरोचे, म्हणजे स्वतःची नगरसभा असलेल्या विभागाचे, ते पहिले कृष्णवर्णीय महापौर. ६ मार्च १९२७ रोजी तत्त्वज्ञ बर्ट्रंड रसेल यांनी आपण ख्रिस्ती का नाही, हे सांगणारे त्यांचे गाजलेले व्याख्यान दिले, तेही याच टाऊन हॉलमध्ये. ज्या सभागृहात असे विचार निर्भयपणे मांडता आले, ते पुढे नव्या नाटकांचे घर व्हावे यात मला एक सरळ सलगता दिसते.

मराठी वाचकाला जवळचा वाटेल असा धागा शापूरजी सकलातवाला यांचा आहे. त्यांचा जन्म १८७४ मध्ये मुंबईत झाला. आई जेरबाई ही जमशेटजी टाटांची बहीण. शिक्षण मुंबईच्या सेंट झेवियर्समध्ये झाले, आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबईत प्लेगने थैमान घातले तेव्हा त्यांनी प्लेगची लस तयार करणारे डॉ. हाफकिन यांच्याबरोबर काम केले. १९०५ मध्ये ते इंग्लंडला गेले आणि १९२२ मध्ये नॉर्थ बॅटरसी मतदारसंघातून ब्रिटिश संसदेवर निवडून आले. त्या निवडणुकीत त्यांचे निवडणूक प्रतिनिधी म्हणून जॉन आर्चर यांनीच काम पाहिले. १९२३ मध्ये हरलेली जागा १९२४ मध्ये त्यांनी परत मिळवली. या वेळी ते उघडपणे कम्युनिस्ट उमेदवार होते. १९२९ पर्यंत ते खासदार होते. भारताच्या स्वातंत्र्याचा प्रश्न ते संसदेत सतत लावून धरत. टाटांच्या घरातला एक मुंबईकर आणि बॅटरसीचे कामगार एकमेकांचे झाले, ही गोष्ट आपल्याकडे जेवढी सांगितली जायला हवी तेवढी सांगितली जात नाही.

१९६५ मध्ये लंडनच्या कारभाराची फेररचना झाली. बॅटरसी बरो वॉन्ड्सवर्थमध्ये विलीन झाला आणि टाऊन हॉलचे कामच संपले. इमारत पाडण्याची भाषा सुरू झाली तेव्हा स्थानिक रहिवाशांनी विरोध उभा केला. तिला संरक्षित वास्तूचा दर्जा मिळाला, १९७४ मध्ये समाजासाठी कलाकेंद्र उघडले आणि १९८० मध्ये ते स्वतंत्र विश्वस्त संस्थेकडे गेले.

कलाकेंद्राची सर्वांत मोलाची देणगी म्हणजे ‘स्क्रॅच’ ही पद्धत. २००० च्या सुमारास ती रुजली. कलावंत आपले अर्धवट काम, म्हणजे नाटकाचा कच्चा खर्डाच म्हणा, थेट प्रेक्षकांपुढे ठेवतो. पाहून झाल्यावर गप्पा होतात, प्रेक्षक काय पटले आणि काय नाही ते सांगतात, कलावंत पुन्हा कामाला बसतो. रंगीत तालमीशी याची गल्लत करू नये. रंगीत तालमीत नाटक बसलेले असते. स्क्रॅचमध्ये ते अजून व्हायचे असते, आणि ते होण्यात प्रेक्षकाचा वाटा धरलेला असतो.

इमारतीच्या डागडुजीलाही हीच रीत लावली गेली. २००६ च्या सुमारास हॉवर्थ टॉम्पकिन्स ही वास्तुकारांची संस्था कामाला लागली. एकदम नकाशे काढून ठेकेदाराच्या हाती देण्याऐवजी एकेका खोलीत तात्पुरता बदल करायचा, तिथे प्रयोग होऊ द्यायचे, चालला तर तो कायम करायचा. २००७ मध्ये पंचड्रंक या नाट्यसंस्थेने सबंध इमारतभर एक नाट्यानुभव उभा केला आणि प्रेक्षक खोल्याखोल्यांतून हिंडले. कधीकाळच्या कचेऱ्या रंगमंच होऊ शकतात, हे तेव्हा सगळ्यांनाच डोळ्यांनी दिसले. पुढे वरच्या मजल्यावर बाहेरगावच्या कलावंतांसाठी झोपायच्या खोल्या झाल्या, अंगणात उघडे नाट्यगृह आले.

हे काम शेवटच्या टप्प्यात असतानाच आग लागली. शुक्रवारची दुपार होती. ग्रँड हॉलच्या वरून ज्वाळा निघाल्या, छत कोसळले, वरचा मनोरा ढासळला. कुणालाही इजा झाली नाही. अग्निशमन दलाच्या जवानांनी पुढचा अर्धा भाग वाचवला, आणि दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी त्या भागात प्रयोग झाला. गेको या नाट्यसंस्थेचे ‘मिसिंग’ हे नाटक ग्रँड हॉलमध्ये चालू होते. त्याचे नेपथ्य जळून गेले. ऑर्गनचा बराच भाग दुरुस्तीसाठी बाहेर गेलेला होता, म्हणून तेवढा हाती राहिला. मदतीचा ओघ सुरू झाला. हजारो लोकांनी देणग्या दिल्या, सरकारने १० लाख पौंड जाहीर केले.

मग प्रश्न उभा राहिला: जळालेले सभागृह होते तसेच बांधायचे का? तसे मागणाऱ्यांची भावना खोटी नसते. पण वास्तुकारांनी आणि संस्थेने दुसरा मार्ग धरला, आणि तो योग्य होता असे माझे मत आहे. भिंतींवरचे प्लास्टर जिथे गळून पडले होते, तिथे उघड्या पडलेल्या विटा, धुराने आणि उष्णतेने बदललेले रंग, जुन्या रंगाचे पापुद्रे हे सारे जपून पक्के केले गेले. छताच्या बाबतीत तर कल्पकतेची कमाल आहे. पूर्वी इथे नक्षीदार प्लास्टरचे कमानदार छत होते, आणि त्याला रंगमंचाचे दिवे टांगणे अवघड होते. आता त्याच कमानीच्या आकारात प्लायवूडची जाळी बसवली आहे. जाळीतली नक्षी जुन्या प्लास्टरवरून घेतलेली. तिच्या मोकळ्या भागांतून दिव्यांच्या तारा खाली सोडता येतात, आवाज वर जातो आणि हवाही खेळते. खाली उभे राहून मान वर केली की जुनी नक्षी ओळखू येते, आणि तिच्या आरपार वरचे नवे छप्परही दिसते.

सप्टेंबर २०१८ मध्ये ग्रँड हॉल उघडला तेव्हा पहिला मान ‘मिसिंग’ला मिळाला. आगीने तोडलेला प्रयोग त्याच जागी पुन्हा उभा राहिला.

केंद्राने दारही अधिक मोठे केले आहे. २०२० मध्ये त्याने स्वतःला ‘रिलॅक्स्ड’ स्थळ जाहीर केले. टुरेट किंवा ऑटिझम असलेल्या, अचानक आवाज किंवा हालचाल करणाऱ्या प्रेक्षकाला इथे कुणी गप्प बसवत नाही. मध्येच उठून बाहेर जाता येते, परत येता येते. तिकिटाचे पैसेही प्रेक्षकाने ऐपतीप्रमाणे द्यावेत, अशी पद्धत पुढे आली. परिसरातले तरुण केंद्राच्या बीटबॉक्स अकादमीत तोंडाने ताल धरायला शिकतात आणि त्यांनी रचलेले प्रयोग बाहेरगावीही झाले आहेत. उरलेल्या दिवशी ग्रँड हॉल लग्नांना आणि समारंभांना भाड्याने मिळतो. जवळच्या वस्तीतली माणसे वऱ्हाडी म्हणून येतात, तीही त्याच मधमाश्यांवरून चालत.