एमएआरडी नावाचा आकडा आणि सेन्सरची चूक

१९९९ साली अमेरिकेत मान्यता मिळालेला पहिला ग्लुकोज सेन्सर (मधुमेहींची साखर कातडीखाली सतत मोजणारे यंत्र) तीन दिवस अंगावर राहायचा आणि त्या तीन दिवसांत वापरणाऱ्याला एकही आकडा दाखवायचा नाही. नोंदी नंतर दवाखान्यात उतरवून घेतल्या जात. आकडा चुकला तरी त्यावर कोणी इन्सुलिन घेतलेले नसे. दोन वर्षांनी मनगटी घड्याळासारखे यंत्र आले. ते सौम्य विद्युतप्रवाहाने कातडीतून द्रव ओढून घेई आणि घाम आला की त्या वेळची नोंद सोडून देई. लोक वैतागले, कातडीही जळजळायची, आणि ते यंत्र मागे पडले. तरी जिथे खात्री नाही तिथे गप्प बसण्याचा त्याचा गुण पुढच्या यंत्रांनी फारसा उचलला नाही, याची खंत वाटते.

२००० नंतरच्या दशकात आकडे त्याच क्षणी दिसू लागले आणि चूक धोक्याची झाली. सेन्सर बसतो कातडीखालच्या पेशींभोवतीच्या द्रवात, त्यामुळे रक्तातला बदल त्याला साधारण पाच ते दहा मिनिटे उशिरा कळतो. बोट टोचून कॅलिब्रेशन करायचे, म्हणजे बोटातल्या रक्ताच्या आकड्याशी सेन्सर जुळवायचा, तेही साखर झपाट्याने चढत असताना केले, तर चूक दुरुस्त होण्याऐवजी पुढचे कित्येक तास सेन्सरमध्ये मुरते.

याच काळात अचूकतेचे माप म्हणून ‘एमएआरडी’ (मीन अ‍ॅब्सोल्यूट रिलेटिव्ह डिफरन्स) रुजले आणि सगळा गुंता इथेच आहे. सेन्सरचा आणि रक्ताचा आकडा यांतल्या फरकाची टक्केवारी काढायची, अधिक-उणे चिन्ह पुसायचे आणि सरासरी घ्यायची. समजा एक सेन्सर प्रत्येक वेळी बरोबर १० टक्के जास्त दाखवतो. त्याचा एमएआरडी १०. दुसरा दहापैकी नऊ वेळा तंतोतंत बरोबर असतो, पण दहाव्या वेळी रक्तात साखर ६० (मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर) असताना १२० दाखवतो. त्याचाही एमएआरडी १०. पहिल्याची सवय करून घेता येते. दुसऱ्याच्या भरवशावर झोपलेल्या माणसाची साखर बेशुद्धीकडे घसरत असेल आणि गजर वाजणार नाही.

शिवाय चिन्ह पुसल्यामुळे चूक वरची की खालची हेही हरवते. चाचणीत कमी साखरेच्या नोंदी थोड्याच घेतल्या, साखर स्थिर असतानाच मोजमाप केले, तुलनेला शिरेतल्या रक्ताऐवजी बोटातले घेतले, तर तोच सेन्सर वेगळा आकडा देतो. त्यामुळे दोन वेगळ्या चाचण्यांतले ८ आणि ९ हे एमएआरडी शेजारी मांडून ८ वाला चांगला म्हणणे मला चुकीचेच वाटते. चूक किती मोठी यापेक्षा ती उपचार कुठे चुकवील हे पाहणारी जाळी-आलेखाची पद्धत ग्लुकोमीटरसाठी १९८७ पासून उपलब्ध होती. पण आलेख जाहिरातीत बसत नाही, एक आकडा बसतो.

२०१६ च्या अखेरीस अमेरिकेत एका सेन्सरच्या आकड्यावरून थेट इन्सुलिनचा डोस ठरवायला परवानगी मिळाली. विरोधकांचे म्हणणे होते की बोट टोचणे हीच शेवटची तपासणी आहे, ती काढू नका. समर्थकांचे म्हणणे, लोक ती कधीच सोडून बसले आहेत. दुसरे म्हणणे व्यवहारात खरे होते, पण पहिल्याचे उत्तर त्यातून मिळत नव्हते. कारखान्यातच कॅलिब्रेट केलेले सेन्सर युरोपात २०१४ पासून होतेच.

२०१८ मध्ये इन्सुलिन पंपाला (अंगावर राहून इन्सुलिन सोडणाऱ्या यंत्राला) जोडायच्या सेन्सरसाठी अमेरिकेत जे निकष ठरले, त्यांत सरासरीपेक्षा टोकाच्या चुकीला महत्त्व मिळाले. सेन्सर ७० च्या खाली दाखवत असताना रक्तात १८० च्या वर सापडता कामा नये. सेन्सर १८० च्या वर असताना रक्तात ७० च्या खाली सापडता कामा नये. इतकी साधी अट लेखी यायला एवढी वर्षे लागली.

तोवर पंप सेन्सरचे ऐकून स्वतः डोस देऊ लागले होते. रात्री सेन्सरच्या कुशीवर झोपले की दाबामुळे आकडा खोटाच खाली जातो. पंप इन्सुलिन थांबवतो आणि नंतर साखर चढते. उलट चूक जास्त भयंकर. पॅरासिटामॉल जुन्या सेन्सरांच्या इलेक्ट्रोडवर स्वतःच विद्युतप्रवाह निर्माण करी, आकडा खोटाच वर जाई, आणि पंप त्या खोट्या साखरेवर इन्सुलिन देई. काही नव्या सेन्सरांच्या आवरणाने नेहमीच्या मात्रेपुरता हा त्रास आटोक्यात आणला.

अशा पंपांच्या पहिल्या पिढीला शंका आली की ती माणसाला उठवून बोट टोचायला लावी आणि समाधान झाले नाही की स्वयंचलित डोस बंद करी. वारंवारच्या गजरांना कंटाळून अनेकांनी ती सोयच बंद ठेवली. पुढच्या यंत्रांनी विचारणे कमी केले. संशयास्पद उडी गाळणे, आकड्यांचा वक्र गुळगुळीत करणे, शंका आल्यास ठरलेल्या मूळ मात्रेवर परतणे ही कामे आता आतल्या आत होतात. त्यातली कोणती नोंद का गाळली गेली, हे वापरणाऱ्याला पडद्यावर बहुधा दिसत नाही.