झाकणातल्या दोन तारा : लॅपटॉपच्या अंगभूत वायफायची पार्श्वभूमी

जुन्या लॅपटॉपमध्ये आतून वायफाय बसवायचं ठरलं की बहुतेक जण आधी वायफाय कार्डाच्या मागे लागतात. माझं म्हणणं असं, की आधी तारा शोधाव्यात. कार्ड आजही मिळतं आणि स्वस्त मिळतं. पण त्याला जोडायच्या अँटेनाच्या दोन बारीक तारा यंत्र बनवतानाच कुणी झाकणातून, म्हणजे स्क्रीनच्या भागातून, खाली आणून ठेवल्या असतील, तर काम दहा मिनिटांचं. नसतील, तर स्क्रीनची चौकट उचकटण्यापासून सुरुवात. कुठल्या लॅपटॉपमध्ये त्या सापडतील आणि कुठल्यात नाही, हे ओळखायला थोडा इतिहास कामी येतो.

हे सगळं दुकानातल्या गल्ल्यापासून सुरू झालं. १९८५ मध्ये अमेरिकेच्या फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनने ९०० मेगाहर्ट्झ, २.४ गिगाहर्ट्झ आणि ५.८ गिगाहर्ट्झच्या आसपासचे पट्टे विनापरवाना वापराला खुले केले. मायक्रोवेव्ह ओव्हन २.४ च्याच आसपास चालतात, त्यामुळे तिथे नको त्या लहरींचा कायमचा गोंगाट. पण कॅश रजिस्टर बनवणाऱ्या एनसीआर कंपनीला त्यात सोय दिसली, कारण दुकानाची मांडणी बदलली की गल्ल्याच्या तारा नव्याने ओढाव्या लागत. तिच्या नेदरलँड्समधल्या अभियंत्यांनी वेव्हलॅन हे बिनतारी जाळं घडवलं. त्याच कंपनीतले व्हिक हेज पुढे बिनतारी जाळ्याचं मानक ठरवणाऱ्या आयईईई ८०२.११ समितीचे अध्यक्ष झाले. १९९७ मध्ये मानक आलं, वेग सेकंदाला २ मेगाबिट. १९९९ च्या ८०२.११बी ने तो ११ वर नेला.

तेव्हा लॅपटॉपला वायरलेस म्हणजे कडेच्या खाचेत सरकवायचं पीसी कार्ड. अँटेना कार्डाच्याच टोकाला, म्हणून ते टोक बाहेर डोकावत राहायचं. पिशवीत घालताना आधी ते काढा, नाहीतर मोडेल. शिवाय अँटेना टेबलाच्या पातळीवर, हाताच्या आड. रेडिओसाठी यापेक्षा वाईट जागा शोधून सापडणार नाही.

जुलै १९९९ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅकवर्ल्डमध्ये ॲपलने आयबुक आणला. वेबपान उघडलेला आयबुक स्टीव्ह जॉब्स यांनी मंचावर एका हुला हूपमधून आरपार नेऊन दाखवला. तार कुठेच नाही, याची खात्री लोकांना डोळ्यांनी पटवायची होती. त्याचं वायरलेस कार्ड, म्हणजे एअरपोर्ट, वेगळं, ९९ डॉलरचं. कीबोर्ड उचलायचा, त्याखाली ते बसवायचं. हे कार्ड ल्यूसंट कंपनीचं, म्हणजे वेव्हलॅनच्याच घराण्यातलं. मला मात्र त्या कार्डापेक्षा त्याच्याशेजारची तार महत्त्वाची वाटते. ग्राहक कार्ड घेवो न घेवो, अँटेना यंत्राच्या अंगात आधीच घातलेली होती आणि तिचं टोक कीबोर्डखाली तयार होतं. पुढे कधीतरी मालक हे यंत्र उघडेल आणि त्यात भर घालेल, हे गृहीत धरून केलेली ती रचना होती.

अँटेनाची जागा चुकली की काय होतं, हे ॲपललाच दोन वर्षांत कळलं. २००१ चा टायटॅनियमचा पॉवरबुक दिसायला देखणा, पण धातूच्या अंगामुळे त्याची वायरलेसची पोच प्लास्टिकच्या आयबुकपेक्षा कमी पडायची. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरीची लांबी साधारण साडेबारा सेंटिमीटर, आणि तिच्या चौथाईची म्हणजे जेमतेम तीन सेंटिमीटरची पट्टी अँटेना म्हणून पुरते. एवढीशी पट्टी झाकणाच्या वरच्या कडेला सहज मावते, मदरबोर्डच्या गोंगाटापासून आणि हातांपासून दूर. अट एकच, तिच्यासमोर धातू नको. म्हणून धातूच्या झाकणांना वर प्लास्टिकची पट्टी आली.

याच सुमारास आत मिनी पीसीआय स्लॉट, म्हणजे छोटं कार्ड बसवायची खाच, रुजला, आणि इथेच लोक फसतात. तो स्लॉट फक्त वायफायसाठी नव्हता. त्यात फोनच्या तारेवरचा मोडेम किंवा इथरनेटचं कार्डही बसायचं. स्लॉट दिसला म्हणून झाकणात अँटेना असेलच, असं नाही. काही कंपन्या ‘वायरलेससाठी सज्ज’ म्हणत अँटेना घालून, कार्ड न घालता यंत्र विकत; काही अँटेनाही गाळत.

हा घोळ मिटवला तो सेंट्रिनोने. मार्च २००३ मध्ये इंटेलने प्रोसेसर, चिपसेट (प्रोसेसरला बाकी भागांशी जोडणाऱ्या चिपा) आणि वायरलेस कार्ड अशी तिघांची मोट बांधली. तिन्ही इंटेलची असतील तरच सेंट्रिनोचा शिक्का. जाहिरातीला ३० कोटी डॉलर ठेवले होते, त्यामुळे तो शिक्का प्रत्येक उत्पादकाला हवाच होता. कार्ड आलं म्हणजे अँटेना ओघाने आली. २००३ नंतरच्या लॅपटॉपमध्ये तारा बहुधा सापडतात, त्याचं मुख्य कारण हे.

आपल्याकडे गाडी जरा उशिरा आली. २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा भारतात परवान्याच्या कटकटीतून पुरता मोकळा झाला तो जानेवारी २००५ च्या अधिसूचनेने. ५ गिगाहर्ट्झला घराबाहेर मोकळीक मिळायला २०१८ उजाडलं.

मी एकदा सेंट्रिनोआधीच्या त्या अधल्यामधल्या काळातल्या यंत्रात अँटेना घातली आहे. स्लॉट होता, झाकण रिकामं. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून काळ्या आणि पांढऱ्या तारेची जोडी आणली. पट्ट्या झाकणाच्या वरच्या दोन कोपऱ्यांत चिकटवल्या, कारण खाली स्क्रीनच्या दिव्याला वीज पुरवणारा छोटा इन्व्हर्टर असतो आणि तो गोंगाट करतो. खरी परीक्षा बिजागरीत. तिथून स्क्रीनची केबल जाते, तिच्याच वळणाने या तारा न्याव्या लागतात. वळण चुकलं की झाकण मिटताना तार चिमटते. शेवटी तारेच्या टोकाची दोन मिलिमीटरची गोल टोपी कार्डावर ठेवून अंगठ्याने सरळ दाबायची. ‘टिक’ असा बारीक आवाज येतो. हा यू.एफएल जोड जेमतेम तीसेक वेळा काढघाल सोसतो, म्हणून उगाच काढून बघू नये.

कार्ड बसलं, तारा बसल्या, तरी यंत्र सुरू होईलच असं नव्हतं. अमेरिकेत रेडिओ आणि अँटेना यांना जोडीने मान्यता घ्यावी लागते. त्यावर बोट ठेवून आयबीएम, एचपी यांसारख्या उत्पादकांनी बायोसमध्ये, म्हणजे यंत्र चालू करताच आधी चालणाऱ्या अंगभूत प्रोग्रॅममध्ये, मान्य कार्डांची यादी घातली. आयबीएमच्या थिंकपॅड लॅपटॉपवर यादीबाहेरचं कार्ड दिसलं की ‘१८०२’ हा आकडा दाखवून यंत्र तिथेच थांबायचं. नियमाचं कारण खोटं नव्हतं, हे मान्य. पण त्याच चिपचं, त्याच शक्तीचं कार्ड निव्वळ दुसऱ्या क्रमांकाचं म्हणून नाकारलं जायचं, आणि पैसे मोजून घेतलेल्या वस्तूच्या मालकाशी असं वागणं मला आजही खटकतं.

मिनी पीसीआयनंतर मिनी कार्ड आलं, मग त्याचं अर्धं रूप, मग २२ बाय ३० मिलिमीटरचं एम.२. एम.२ वर जोडही आणखी लहान झाला, त्यामुळे जुनी तार नव्या कार्डावर बसत नाही. तारेसकट अँटेना बदलावी लागते किंवा छोटा जोडतुकडा घ्यावा लागतो. ८०२.११एन मध्ये एकाहून जास्त अँटेना एकाच वेळी कामाला लागल्या आणि काही झाकणांत तिसरी, करडी तार आली. इंटेलच्या सीएनव्हीआय कार्डांत रेडिओचा निम्मा मेंदू चिपसेटमध्ये गेला, म्हणून तसं कार्ड दुसऱ्या कंपनीच्या प्रोसेसरवर चालत नाही, स्लॉट हुबेहूब तोच असला तरी. आणि आता बऱ्याच पातळ लॅपटॉपमध्ये वायफायची चिप थेट मदरबोर्डला डाखलेली असते.

जुनं यंत्र उघडणार असाल तर कार्ड मागवण्याआधी स्लॉटच्या आसपासची चिकटपट्टी हळूच उचलून बघा. काळी आणि पांढरी, अशा दोन तारांची टोकं बहुधा तिथेच प्लास्टिकच्या नळीत गुंडाळून ठेवलेली असतात.