पचन (मानवी)

खाल्लेल्या अन्नातील मोठे रेणू फोडून रक्तात शोषले जातील इतके बारीक करण्याची क्रिया म्हणजे पचन. घास गिळला की अन्न ‘पोटात गेले’ असे आपण म्हणतो. पण तोंडापासून गुदद्वारापर्यंतचा अन्नमार्ग ही आरपार नळी आहे, आणि तिच्यातला ऐवज आतड्याची भिंत ओलांडेपर्यंत एका अर्थी शरीराबाहेरच असतो. भातातला स्टार्च, वरणातली प्रथिने आणि वरच्या तुपातला मेद यांपैकी कशालाच ती भिंत आहे त्या रूपात ओलांडता येत नाही. वरण-भात-तुपाच्या एका घासात हे तिन्ही घटक असल्याने त्याचाच प्रवास पाहणे सोयीचे.

सुरुवात तोंडात होते. दिवसाला 1 ते 1.5 लिटर लाळ स्रवते आणि तिच्यातले अमायलेज हे विकर (एंझाइम) स्टार्च तोडू लागते. भाकरीचा कोरडा तुकडा कशाशीही न लावता बराच वेळ चावत राहिले, की तो गोडसर लागू लागतो. ती गोडी स्टार्चपासून सुटलेल्या माल्टोज या शर्करेची. पुढची सुमारे 25 सेंमी. लांबीची अन्ननलिका घासाला फक्त खाली ढकलते. तिच्या स्नायूंच्या आकुंचनाची लाट (क्रमसंकोच) इतकी नेमकी असते, की शीर्षासनातही घोट गिळता येतो.

जठरात हायड्रोक्लोरिक आम्ल आणि पेप्सिन हे विकर प्रथिनांवर काम सुरू करतात, आणि जठराच्या घुसळणीने अन्नाचा पातळ लगदा होतो. हे काम निव्वळ दळण्याचे की रासायनिक, यावर एके काळी बराच वाद होता. 1822 मध्ये अमेरिकेतील मॅकिनॅक बेटावर अलेक्सिस सेंट मार्टिन या तरुणाच्या पोटात बंदुकीचा बार घुसला. तो वाचला, पण जठरात उघडणारे भोक कायम राहिले. त्याच्यावर उपचार करणारे लष्करी डॉक्टर विल्यम बोमाँट यांनी त्या भोकातून रेशमी दोऱ्याला बांधलेले मांसाचे तुकडे आत सोडले, ठरावीक वेळाने ओढून पाहिले, आणि बाहेर काढलेल्या जठररसातही मांस विरघळते हे दाखवले. निष्कर्ष 1833 मध्ये पुस्तकरूपाने आले. आजच्या नीतिनियमांत हे प्रयोग बसले नसते.

छातीत जळजळले की आपण ‘पित्त झालं’ म्हणतो. जळजळ बहुधा वर आलेल्या जठराम्लाची असते. शरीरशास्त्रातले पित्त यकृतात तयार होते आणि जठराच्या पुढे, लहान आतड्यात उतरते. ‘पोटात कावळे ओरडणे’ मात्र बरेच नेमके आहे. उपाशीपोटी साधारण दर दीड-दोन तासांनी जठर आणि लहान आतड्यातून झाडू मारल्यासारखी आकुंचनाची लाट जाते, आणि आतली हवा व द्रव ढवळून तो आवाज येतो.

पचनात जठराला मिळणारा मान त्याच्या कामापेक्षा जास्त आहे. शस्त्रक्रियेने संपूर्ण जठर काढलेली माणसे थोडेथोडे खाऊन आणि ब-12 जीवनसत्त्व बाहेरून घेऊन जगतात. खरे काम सुमारे 6 मीटर लांबीच्या लहान आतड्यात होते. तेथे स्वादुपिंडाचा रस आम्लाचा जोर मोडतो आणि तिन्ही घटकांसाठी वेगवेगळी विकरे पुरवतो. प्रथिने तोडणारे ट्रिप्सिन स्वादुपिंडातून निष्क्रिय रूपातच निघते आणि आतड्यात पोहोचल्यावर कामाला लागते. ते आधीच जागे झाले तर स्वादुपिंड स्वतःलाच पचवू लागते. तुपाचे काम पित्त सोपे करते. तुपकट पातेल्यात साबण घातल्यावर तूप जसे बारीक थेंबांत फुटते तसेच येथे होते, आणि त्या थेंबांवर लायपेज हे विकर काम करते.

आतड्याच्या आतल्या बाजूला घड्या, घड्यांवर रसांकुर (बोटांसारखे बारीक उंचवटे) आणि त्यांच्या पेशींवर त्याहून बारीक सूक्ष्मांकुर असतात. हे सारे पसरले तर टेनिसचे मैदान भरेल, असे पाठ्यपुस्तके सांगत आली. 2014 मधील मोजणीत हे क्षेत्रफळ सुमारे 30 चौरस मीटर भरले, म्हणजे सव्वातीनशे चौरस फुटांची खोली. स्टार्चपासून सुटलेले ग्लुकोज आणि प्रथिनांपासून सुटलेली अमिनो आम्ले येथून रक्तावाटे आधी यकृताकडे जातात. मेदाचा बहुतेक भाग लसीकावाहिन्यांचा (रक्तवाहिन्यांहून वेगळ्या, लसीका हा द्रव वाहणाऱ्या नळ्यांचा) लांबचा रस्ता धरतो. ग्लुकोज शोषताना सोबत सोडियम आणि पाणीही आत ओढले जाते. मीठ-साखर-पाण्याची जलसंजीवनी चालते ती यामुळेच. 1971 मध्ये पश्चिम बंगालमधील बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलऱ्याची साथ असताना डॉ. दिलीप महालनबीस यांनी ती मोठ्या प्रमाणावर वापरून अनेकांचे प्राण वाचवले.

उरलेसुरले मोठ्या आतड्यात येते. तेथे पाणी शोषले जाते, आणि आपल्याला न पचलेल्यावर जीवाणू ताव मारतात. वाल बाधतात ते याच टप्प्यावर. त्यांतल्या रॅफिनोजसारख्या शर्करा तोडणारे विकर माणसाच्या लहान आतड्यात नाही. जीवाणूंकडे ते असते, आणि त्यांच्या मेजवानीतून वायू होतो. वाल भिजवून मोड आणले की या शर्करा बऱ्याच कमी होतात, म्हणून बिरड्याचा खटाटोप केवळ चवीपुरता नाही.

मळाचा तपकिरी रंगही पित्तातल्या द्रव्यांपासून येतो. पित्तनलिका खड्याने अडली, की तो पांढुरका पडतो.