फोन बिघडलेला नाही, कुलूपबंद आहे

माझ्या मावसभावाकडे परदेशात घेतलेला एक वापरलेला फोन आला. वाय-फायवर सगळं झकास चालायचं, पण सिम घातलं की पडद्यावर ‘सिम नॉट सपोर्टेड’. त्याने तीनदा फॅक्टरी रीसेट मारला. दुरुस्तीवाल्याने ‘नेटवर्क आयसी गेलाय, बोर्ड बदलावा लागेल’ असं सांगून टाकलं. बोर्ड ठणठणीत होता. फोन मुळात एका मोबाइल कंपनीकडून हप्त्यावर घेतलेला होता आणि आपल्याशिवाय दुसऱ्या कुणाचं सिम चालू नये, अशी सोय तिने करून ठेवली होती. हाच कॅरिअर लॉक.

बोर्डाला हात लावण्याआधी पडदा नेमकं काय म्हणतोय ते वाचा. ‘नो सिम’ म्हणजे फोनला कार्ड दिसतच नाही: ट्रे वाकडा, स्लॉटच्या पिना दबलेल्या किंवा कार्डच खराब. तेच कार्ड दुसऱ्या फोनमध्ये घातलं की दोष कुणाचा ते लगेच कळतं. कार्ड दिसतं, स्वीकारलंही जातं, पण ‘नो सर्व्हिस’ येतं, तेव्हा अँटेना, न जुळणारे बँड (नेटवर्कच्या लहरींचे पट्टे) किंवा चोरीचा म्हणून काळ्या यादीत गेलेला आयएमईआय, म्हणजे फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक, यांच्याकडे बघायचं. आणि कार्ड वाचून फोनच ते नाकारत असेल, तर बहुधा लॉक.

हे नाकारणं कसं घडतं, ते मला फार आवडतं. सिम हा एक चिमुकला संगणकच आहे. त्यात प्रोसेसर आहे, फाइली आहेत. त्यातल्या एका फाइलमध्ये आयएमएसआय नावाचा, बहुतेक वेळा १५ अंकी, क्रमांक असतो. आपला मोबाइल नंबर वेगळा, हा वेगळा. पहिले ३ अंक देशाचे: जपानचा ४४०, ब्रिटनचा २३४. पुढचे २ किंवा ३ अंक कंपनीचे, उरलेले ग्राहकाचे. चाचणीच्या नेटवर्कसाठी ००१ आणि ०१ हे अंक राखून ठेवलेले आहेत, तेव्हा उदाहरणाला ००१०१०१२३४५६७८९ घेऊ. कार्डात हा क्रमांक असा पडलेला असतो:

०८ ०९ १० १० १० ३२ ५४ ७६ ९८

पहिला ०८ म्हणजे पुढे ८ बाइट, म्हणजे अशा ८ जोड्या, आहेत. ०९ मधला ९ सांगतो की अंकांची संख्या विषम आहे, आणि त्याच्या शेजारचं ० हा क्रमांकाचा पहिला अंक. पुढे प्रत्येक जोडी उलटी: ०१ चे १०, २३ चे ३२. फोन हे सुलटं करून घेतो. पण कंपनीचे अंक २ धरायचे की ३? ते कार्डातल्या दुसऱ्याच एका फाइलमधला एक बाइट सांगतो. मग देश आणि कंपनी मिळून झालेले ते ५-६ अंक फोन स्वतःकडच्या मंजूर यादीशी ताडून पाहतो. जुळले तर पुढची बोलणी, नाहीतर दार बंद. ही तपासणी फोनमध्येच होते, तिला टॉवर लागत नाही. दार बंद असलं तरी आणीबाणीचा कॉल मात्र लागू शकतो.

मंजुरीची ही माहिती मॉडेमच्या, म्हणजे नेटवर्कशी बोलणाऱ्या चिपच्या, सुरक्षित कप्प्यात असते किंवा फोन बनवणाऱ्याच्या सर्व्हरवरून फोनमध्ये येते. फॅक्टरी रीसेट पुसतो ते आपले फोटो, ॲप आणि सेटिंग. म्हणजे आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

‘आयएमईआय टाका, फुकट कोड मिळवा’ म्हणणाऱ्या साइटचा मला खरोखर संताप येतो. या समजाचं मूळ मात्र खरं आहे: जुन्या काही फोनांचा अनलॉक कोड आयएमईआयवरूनच गणिताने निघायचा आणि ते गणित बाहेर फुटलं. नंतरच्या फोनांत कोड आयएमईआयशी कसलाही संबंध न ठेवता, स्वतंत्रपणे तयार होऊ लागले, तेव्हा ती वाट बंद झाली. वर कोड टाकायच्या संधीही मोजक्याच असतात. अंदाजाने आकडे टाकत बसलात आणि मोजणी संपली, तर मग खरा कोडही चालत नाही.

लॉक काढण्याचा हक्क त्या मोबाइल कंपनीकडेच, जिने तो घातला. कॅनडाने डिसेंबर २०१७ पासून नवे फोन लॉक न करताच विकायचा नियम केला. जपानने ऑक्टोबर २०२१ पासून आणि ब्रिटनने त्याच वर्षीच्या डिसेंबरपासून तीच वाट धरली. त्याआधीचे लॉक केलेले फोन अजून हातोहात फिरतायत. म्हणून वापरलेला फोन घेताना आपलं सिम त्यात घालून, कॉल लावूनच घ्यावा.

मावसभावाने *#०६# दाबून आयएमईआय काढला आणि मूळ मालकाला कळवला. हप्ते फिटलेले होते, तेव्हा मालकाने कंपनीकडे अर्ज केला. मंजुरी आल्यावर फोन वाय-फायला जोडून ठेवला, सिम काढून परत घातलं आणि ‘सिम नॉट सपोर्टेड’ होतं तिथे नेटवर्कच्या दांड्या उभ्या राहिल्या. बोर्डाचा एक स्क्रूही कुणी काढला नव्हता.