कानाचं मशीन आणि वर्गातला गोंगाट

श्रवणयंत्र लावलेलं मूल वर्गात आलं की बहुतेक शिक्षकांना वाटतं, चला, आता याला ऐकू येईल. चष्मा लागला की फळा दिसायला लागतो, तसंच हेही असणार. पण कानाचं मशीन आवाज मोठा करतं, आणि वर्गात बाईंच्या आवाजाखेरीज पंखा असतो, सरकणारी बाकं असतात, शेजारच्या वर्गातले पाढे असतात, पावसाळ्यात पत्र्यावर कोसळणारा पाऊस असतो. बाईंच्या आवाजाबरोबर हे सगळंही मोठं होऊन कानात शिरतं.

त्यात अंतराची भर पडते. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण 6 डेसिबलनं उतरतो. म्हणजे एक मीटरवर 65 डेसिबल असलेला आवाज चार मीटरवर 53 होतो. खोलीत भिंतींवरून परतणाऱ्या आवाजामुळे ही घट थोडी कमी होते खरी, पण तोच परतलेला आवाज पुढच्या शब्दावर चढतो आणि तो पुसट करतो. ऐकू कमी येणाऱ्या मुलाला बोलणं नीट कळायचं, तर शिक्षकाचा आवाज गोंगाटापेक्षा 15 डेसिबलनं तरी वरचढ हवा, असं श्रवणतज्ज्ञ सांगतात. गजबजलेल्या वर्गात मागच्या बाकापर्यंत पोचताना हा फरक जवळजवळ उरतच नाही.

2016च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात दिव्यांगत्वाचे 21 प्रकार आहेत, आणि सर्वसमावेशक शिक्षणासाठी शिक्षकांना तयार करण्याची जबाबदारीही आहे. प्रशिक्षणात ही 21 नावं सांगितली जातात, व्याख्या सांगितल्या जातात, सवलती सांगितल्या जातात. ते हवंच. पण सोमवारी सकाळी वर्गात उभ्या राहणाऱ्या शिक्षकाला एखादी इंद्रियशक्ती कुठे आणि कशी कमी पडते हे कळलं, तर पुढचं बरंचसं त्यालाच सुचत जातं. माझ्या मते प्रशिक्षणाचा मोठा वेळ यावर जायला हवा, आणि तोही शक्यतो विशेष शिक्षकासोबत, त्याच्या स्वतःच्या वर्गात.

ओठांचंच बघा. ‘पाल’, ‘बाल’, ‘माल’ हे शब्द आरशासमोर आवाज न काढता म्हणून पाहा. तिन्ही सारखेच दिसतात. क, ख, ग तर घशाजवळ तयार होतात, ओठांवर जवळपास काहीच दिसत नाही. म्हणजे ओठ वाचणारं मूल निम्मं वाक्य संदर्भावरून जुळवत असतं. अशा वेळी शिक्षक फळ्याकडे वळून लिहिता लिहिता बोलले, तर हाताशी असलेला तेवढा आधारही जातो. आधी लिहायचं, मग वळून बोलायचं. खिडकीकडे पाठ करून उभं राहायचं नाही, कारण चेहरा अंधारात जातो. या सवयी अंगवळणी पडायला सराव लागतो, व्याख्यान ऐकून त्या लागत नाहीत.

डॅनियल लिंग या कॅनडातल्या तज्ज्ञानं रूढ केलेली एक चाचणी प्रत्येक शिक्षकाला यायलाच हवी, असं मला मनापासून वाटतं. आवाज सहा: म, ऊ, आ, ई, श, स. स्वर जोडायचा नाही, नुसता ‘म्’, नुसता ‘स्’. मुलाच्या मागे किंवा तोंड झाकून, नेहमीच्या आवाजात, क्रम बदलत म्हणायचे. मुलानं ऐकलेला आवाज परत म्हणायचा. ‘म’ खालच्या पट्टीतला, ‘स’ सगळ्यात वरच्या, आणि बाकीचे मधले. बोलण्याचा जवळजवळ सगळा पट्टा या सहांत येतो. मूल सगळं बरोबर म्हणून ‘स’ला गप्प राहिलं, तर त्याला आज ‘सात’ आणि ‘आठ’ यांतला फरक चुकण्याची शक्यता आहे. एकही आवाज आला नाही, तर आधी बॅटरी आणि कानातल्या साच्यात अडकलेला मळ पाहायचा. सगळं मिळून दोन मिनिटांचं काम.

मशीन नसलेल्या मुलांनाही ही चाचणी उपयोगी पडते. सर्दीनंतर कानाच्या पडद्यामागे पाणी साचलं, कान वाहू लागला, की काही आठवडे ऐकू कमी येतं आणि मग पुन्हा बरं होतं. अशा मुलावर ‘लक्ष देत नाही’ असा शिक्का बसतो. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत साधारण वर्षातून एकदा येतं. त्या दिवशी कान कोरडा असेल तर तपासणीत काही सापडत नाही. ‘ऑगस्टमध्ये तीन आठवडे श आणि स ऐकू येत नव्हते’ एवढी शिक्षकाची वहीतली नोंद डॉक्टरांच्या हातात पडली, तर त्या मुलाचा कान पुन्हा तपासला जातो.