उशिरा दार उघडणारे मतदार

७ मे २०१५ च्या रात्री दहा वाजता ब्रिटनमधली मतदान केंद्रे बंद झाली आणि त्याच क्षणी बीबीसी, आयटीव्ही आणि स्काय यांच्या संयुक्त एक्झिट पोलचे आकडे पडद्यावर झळकले. हुजूर पक्ष ३१६, मजूर पक्ष २३९. स्टुडिओत कुणाचा विश्वास बसेना. लिबरल डेमोक्रॅट पक्षाचे माजी नेते पॅडी अ‍ॅशडाउन यांनी तर हे खरे ठरले तर जाहीरपणे हॅट खाईन, असे कॅमेऱ्यासमोर सांगून टाकले. त्यांना दोष देता येत नाही. आदल्या दिवसापर्यंतच्या मतचाचण्या हुजूर आणि मजूर यांना ३४-३४ टक्क्यांच्या आसपास ठेवत होत्या. कुणी एखाद्या टक्क्याने याला पुढे दाखवले, कुणी त्याला. त्रिशंकू संसद येणार, हे सगळे धरूनच चालले होते.

सकाळी डेव्हिड कॅमेरन यांच्या हुजूर पक्षाकडे सभापती धरून ६५० पैकी ३३१ जागा होत्या. बहुमत झाले, पण जेमतेम १२ चे. वेल्समधली गॉवर ही जागा १९०६ पासून मजूर पक्षाकडे होती, ती २७ मतांनी गेली. डर्बी नॉर्थ ४१ मतांनी गेली. दुपारपर्यंत मजूर पक्षाचे एड मिलिबँड, लिबरल डेमोक्रॅट पक्षाचे निक क्लेग आणि यूके इंडिपेंडन्स पार्टीचे नायजेल फराज या तीन पक्षनेत्यांनी राजीनामे दिले होते. उत्तर आयर्लंड सोडून उरलेल्या ब्रिटनमध्ये हुजूर पक्षाला ३७.७ टक्के आणि मजूर पक्षाला ३१.२ टक्के मते पडली होती. म्हणजे जिथे बरोबरी सांगितली होती, तिथे प्रत्यक्षात साडेसहा टक्क्यांचे अंतर निघाले.

या चुकीची किंमत चाचणी कंपन्यांच्या अब्रूपुरती नव्हती. त्रिशंकू संसद येणार म्हटल्यावर सगळा प्रचार ‘मिलिबँड स्कॉटिश नॅशनल पार्टीच्या टेकूवर सरकार चालवतील का’ या एका प्रश्नाभोवती फिरला. हुजूर पक्षाने मिलिबँड यांना स्कॉटलंडचे स्वातंत्र्य मागणाऱ्या त्या पक्षाचे अ‍ॅलेक्स सॅमंड यांच्या खिशात बसलेले दाखवणारी पोस्टर्स लावली. चुकीचे आकडे असे मतदारांपर्यंत पोचत होते. म्हणून मतदानाच्या दुसऱ्याच दिवशी ब्रिटिश पोलिंग कौन्सिल या चाचणी कंपन्यांच्या संघटनेने चौकशी जाहीर केली, याचे मला मनापासून कौतुक वाटते. कौन्सिल आणि मार्केट रिसर्च सोसायटी यांनी मिळून नेमलेल्या समितीचे अध्यक्ष होते साउदॅम्प्टन विद्यापीठातले सर्वेक्षणतज्ज्ञ पॅट्रिक स्टर्जिस. अंतिम अहवाल मार्च २०१६ मध्ये आला. चूक कशी शोधावी याचा तो एक नमुनेदार धडा आहे.

समितीने संशयित एकेक करून तपासले. पहिला संशय असा की, लोकांनी शेवटच्या एक-दोन दिवसांत मन बदलले. निवडणुकीआधी प्रश्न विचारलेल्या लोकांना काही कंपन्यांनी निकालानंतर पुन्हा गाठले होते. बदल झाला होता, पण इतकी मोठी चूक त्याने भरून निघत नव्हती. दुसरा संशय ‘लाजाळू टोरी’वर, म्हणजे हुजूर पक्षाला मत देणार असूनही ते न सांगणाऱ्या मतदारावर. १९९२ च्या निवडणुकीतही मतचाचण्या अशाच तोंडघशी पडल्या होत्या, तेव्हापासून हा लाजाळू टोरी दरवेळी बोलावला जातो. फोनवर माणसाशी बोलताना संकोच वाटत असेल, तर एकट्याने संगणकावर भरलेल्या चाचणीत तो दिसायला नको. पण फोनवरच्या आणि ऑनलाइन अशा दोन्ही चाचण्या सारख्याच चुकल्या होत्या. परदेशातले मतदार, टपाली मते, प्रश्नांची शब्दरचना यांतूनही काही हाती लागले नाही. शेवटी एकच मोठे कारण उरले. लोकांनी दिलेली उत्तरे बहुतांशी खरी होती, पण ज्यांना विचारले ते लोकच देशाचे खरे प्रतिनिधी नव्हते. नमुना मजूर पक्षाकडे झुकलेला होता.

इथे संख्याशास्त्र थोडे समजून घ्यायला हवे. हजार माणसांना विचारले की उत्तर साधारण तीन टक्के अलीकडे-पलीकडे असू शकते, असे आपण नेहमी वाचतो. हे गणित अगदी बरोबर आहे, पण त्यामागे एक अट आहे. ती हजार माणसे चिठ्ठ्या टाकून निवडल्यासारखी हवीत, म्हणजे प्रत्येकाची निवड होण्याची शक्यता आधीपासून ठाऊक हवी. अशा यादृच्छिक नमुन्यातली चूक कधी इकडे होते, कधी तिकडे, आणि माणसे वाढवली की ती आटत जाते. वर्तमानपत्रांतल्या मतचाचण्या मात्र अशा होत नाहीत. कंपनीकडे नोंदवलेल्या स्वयंसेवकांकडून किंवा फोनवर जो सापडेल त्याच्याकडून उत्तरे घेतात. मग वय, लिंग, प्रदेश यांचे प्रमाण जनगणनेशी जुळेल अशी बेरीज-वजाबाकी करतात. ती करताना एक गोष्ट गृहीत धरलेली असते: एखाद्या वयोगटातले उत्तर देणारे लोक त्याच वयोगटातल्या उत्तर न देणाऱ्यांसारखेच असतात. हे गृहीतक कोसळले की माणसे कितीही वाढवा, चूक तेवढीच राहते. दहा कंपन्यांनी दहा चाचण्या केल्या तरी त्या एकाच बाजूला चुकतात.

२०१५ मध्ये नेमके तेच झाले. ‘६५ वर्षांवरील’ हा रकाना कंपन्यांनी भरला, पण त्यात बहुतेक ६५ ते ७४ वयाचेच होते. पंच्याहत्तरीपुढचे, जे हुजूर पक्षाकडे अधिक झुकलेले असतात, ते ऑनलाइन नमुन्यांत फार थोडे होते. तरुणांच्या रकान्यात उलटा प्रकार होता. राजकारणाची आवड असलेली, हटकून मतदान करणारी तरुण मुले चाचण्यांना उत्साहाने उत्तरे देत होती आणि मतदानाला न जाणाऱ्या त्यांच्या मित्रांचे वजनही त्यांच्याच पारड्यात पडत होते.

या वादाची मुळे लंडनमध्येच सापडतात आणि त्यांचा एक धागा सातारा जिल्ह्यातल्या बुध गावापर्यंत येतो. इटलीतल्या जिनी आणि गाल्वानी या संख्याशास्त्रज्ञांनी १९२१ च्या जनगणनेतून २१४ पैकी २९ जिल्हे असे निवडले होते की काही ठरावीक सरासऱ्या देशाशी तंतोतंत जुळाव्यात. त्या जुळल्याही, पण बाकीच्या गोष्टी मात्र वाईट रीतीने फसल्या. १९३४ मध्ये संख्याशास्त्रज्ञ येर्झी नेमन यांनी लंडनच्या रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीपुढे वाचलेल्या निबंधात याचे कारण दाखवले. माणसाने हाताने जुळवलेला नमुना कितीही आरशासारखा दिसला तरी त्यातली चूक मोजता येत नाही. यादृच्छिक नमुन्यातली मोजता येते. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयातून शिकून गेलेले पांडुरंग वासुदेव सुखात्मे त्याच सुमारास लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात नेमन आणि इगॉन पिअर्सन यांच्या हाताखाली काम करत होते. १९३५ मध्ये त्यांनी याच नमुना पद्धतीच्या सिद्धान्तावर शोधनिबंध प्रसिद्ध केला.

सुखात्म्यांनी हेच शास्त्र पुढे भारतातल्या शेतात उतरवले. आपल्याकडच्या शेतकऱ्यांना पीक कापणी प्रयोग माहीत असतात. शेतात आखलेला तुकडा कापायचा, धान्य वजन करायचे आणि त्यावरून उत्पादन काढायचे. तुकडा फार लहान घेतला तर उत्पादन फुगून दिसते, हे सुखात्म्यांनी दाखवून दिले. कारण आखलेल्या रेषेवर आलेले रोप आत धरायचे की बाहेर, हे ठरवताना कापणाऱ्याचा हात त्याला आत घेतो. तुकडा जितका लहान, तितका कडेच्या रोपांचा वाटा मोठा. असे हजार तुकडे कापले तरी हा फुगवटा जात नाही. ब्रिटनच्या चाचण्यांत रेषेवरच्या रोपाच्या जागी सहज सापडणारा माणूस होता.

मग न सापडणारा माणूस सापडवायचा कसा? निकालानंतरच्या महिन्यांत दोन मोठी सर्वेक्षणे जुन्या, महागड्या पद्धतीने झाली: ब्रिटिश इलेक्शन स्टडी आणि ब्रिटिश सोशल अ‍ॅटिट्यूड्स. टपाल खात्याच्या पत्त्यांच्या यादीतून यादृच्छिक पत्ते काढले, त्या पत्त्यावर प्रत्यक्ष माणूस पाठवला, दार उघडले नाही तर तो पुन्हा गेला, आणि पुन्हा गेला. तरीही निवडलेल्यांपैकी साधारण निम्म्या लोकांनीच उत्तरे दिली. पण या दोन्ही सर्वेक्षणांत हुजूर पक्षाची आघाडी सहा ते आठ टक्के आली, म्हणजे खऱ्या निकालाच्या अगदी जवळ.

सोशल अ‍ॅटिट्यूड्सच्या नोंदींत स्ट्रॅथक्लाइड विद्यापीठाचे जॉन कर्टिस यांना जे दिसले ते या सगळ्या प्रकरणाचा गाभा आहे, असे मला वाटते. कोणत्या घरात कितव्या फेरीला मुलाखत मिळाली, हे तिथे लिहून ठेवलेले होते. पहिल्याच फेरीत भेटलेल्यांमध्ये मजूर पक्ष सहा टक्क्यांनी पुढे होता. तीन ते सहा फेऱ्या माराव्या लागल्या त्यांच्यामध्ये हुजूर पक्ष तब्बल अकरा टक्क्यांनी पुढे होता. सर्वेक्षण एकच, प्रश्न तेच, निवडणूकही होऊन गेलेली. फरक एवढाच की कोण लगेच सापडला आणि कुणासाठी पुन्हा जावे लागले. दोन-तीन दिवसांत चाचणी उरकणाऱ्याच्या हाती फक्त पहिला गट लागतो.

मग एक्झिट पोलने नेम कसा साधला? तिथेही सगळे उत्तर देत नाहीत. पण त्या पद्धतीत एक सुंदर युक्ती आहे, आणि ती घडवण्यात कर्टिस व संख्याशास्त्रज्ञ डेव्हिड फर्थ यांचा मोठा वाटा आहे. देशभरातली दीडशेच्या आसपास मतदान केंद्रे निवडतात आणि शक्य तिथे मागच्या निवडणुकीत होती तीच पुन्हा घेतात. बाहेर पडणाऱ्या मतदाराला नकली मतपत्रिका देतात, तो ती भरून पेटीत टाकतो, तोंडाने काही सांगावे लागत नाही. मग त्या केंद्राचे आजचे आकडे त्याच केंद्राच्या मागच्या आकड्यांशी ताडून फक्त बदल मोजतात. एखाद्या ठिकाणी हुजूर मतदार उत्तर देणे टाळत असतील, तर ते मागच्या वेळीही टाळत असणार. वजाबाकीत दोन्ही वेळचा झुकाव बराचसा कटून जातो. हा बदल कोणत्या प्रकारच्या मतदारसंघात किती, हे पाहून मग एकेका जागेचा अंदाज काढतात. ही युक्ती मतदानाच्या आधी वापरता येत नाही, कारण मुळात मतदान करून बाहेर पडलेला माणूसच हवा.

अहवालातली आणखी एक नोंद मला अस्वस्थ करते. शेवटच्या दिवसांतल्या वेगवेगळ्या कंपन्यांच्या चाचण्या एकमेकींशी नको इतक्या जुळत होत्या. निव्वळ योगायोगाने जेवढा फरक पडायला हवा, तेवढाही पडला नव्हता. कळपात राहण्याची ओढ आकड्यांतही शिरते. सर्व्हेशन या कंपनीच्या मतदानाच्या आदल्या दिवशीच्या चाचणीत हुजूर ३७ आणि मजूर ३१ असे आले होते, म्हणजे जवळजवळ अचूक. आकडा बाकीच्यांपेक्षा फार वेगळा दिसतो म्हणून तो प्रसिद्धच केला नाही, हे कंपनीने निकालानंतर सांगितले.

दोन वर्षांनी, ८ जून २०१७ रोजी, हुजूर पक्षाच्या पंतप्रधान टेरेसा मे यांनी मुदतपूर्व निवडणूक घेतली. चूक नमुन्यात होती, असे चौकशीने स्वच्छ सांगितलेले असूनही अनेक कंपन्यांनी डागडुजी भलतीकडे केली. तरुण फारसे मतदान करत नाहीत असे धरून त्यांनी तरुणांच्या उत्तरांचे वजन कमी केले. परिणामी आयसीएमने हुजूर पक्षाला १२ टक्क्यांची आणि बीएमजीने १३ टक्क्यांची आघाडी दिली. प्रत्यक्षात ती २.४ टक्के निघाली आणि मे यांचे बहुमत गेले. यूगव्हने मात्र हजारो मुलाखती आणि प्रत्येक मतदारसंघाची लोकसंख्येची माहिती एकत्र बांधून त्रिशंकू संसदेचा अंदाज दिला होता, तेव्हा त्याची टिंगल झाली होती. आणि सर्व्हेशनच्या शेवटच्या चाचणीत हुजूर पक्ष फक्त एका टक्क्याने पुढे होता. या वेळी त्यांनी तो आकडा जसा आला तसा प्रसिद्ध केला.