बॉल बेअरिंग

फिरत्या शाफ्टला आधार देणारा आणि पोलादी गोळ्यांच्या लोळण्याने घर्षण कमी करणारा यंत्रभाग. परिभाषेत बेअरिंगला ‘धारवा’ म्हणतात, कारखान्यात मात्र बेअरिंग हाच शब्द चालतो. शाफ्टवर घट्ट बसणारी आतली रेस (म्हणजे पोलादी कडे), हाऊसिंगमधली, म्हणजे बेअरिंग बसवायच्या घरातली, बाहेरची रेस, दोन्हींमधल्या खाचेत लोळणारे गोळे आणि त्या गोळ्यांना ठरावीक अंतरावर राखणारा केज, एवढीच त्याची रचना.

कल्पना जुनी आहे. वेल्समधील फिलिप व्हॉन यांनी 1794 मध्ये गाडीच्या आसासाठी गोळ्यांच्या बेअरिंगचे पेटंट घेतले. पॅरिसचे ज्यूल सुरिरे यांनी 1869 मध्ये ते सायकलला लावले. अडचण होती ती गोळ्यांची. एखादा गोळा किंचित मोठा निघाला, तर बहुतेक भार त्याच्यावरच येतो आणि रेस तिथे फुटू लागते. जर्मनीतील श्वाइनफुर्टच्या फ्रीड्रिख फिशर यांनी 1883 च्या सुमारास गोळे एकसारखे घासणारे यंत्र बनवले आणि बेअरिंगचा उद्योग खऱ्या अर्थाने उभा राहिला. या भागाचा इतिहास मोजमापाच्या अचूकतेचा इतिहास आहे, असे म्हणणे वावगे ठरणार नाही. स्वीडनमध्ये स्वेन विंगक्विस्ट गोथेनबर्गच्या कापडगिरणीत काम करत. तिथल्या चिकणमातीच्या जमिनीत इमारत खचे, लांब शाफ्ट एका रेषेत राहत नसत आणि बेअरिंगे वारंवार जात. त्यावर त्यांनी 1907 मध्ये गोळ्यांच्या दोन ओळींचे, शाफ्टच्या तिरपेपणाशी स्वतःहून जुळवून घेणारे बेअरिंग काढले. त्याच वर्षी एसकेएफ ही कंपनी स्थापन झाली. पुण्याजवळ चिंचवडला तिचा कारखाना आहे.

गोळा आणि रेस यांचा स्पर्श अगदी चिमुकल्या जागेत होतो. तिथला दाब दर चौरस मिलिमीटरला दीड-दोनशे किलोग्रॅमपर्यंत सहज जातो. म्हणून साधे पोलाद चालत नाही. सुमारे 1 टक्का कार्बन आणि दीड टक्का क्रोमियम असलेले पोलाद (आपल्याकडील वर्कशॉपमधले ‘ईएन 31’ याच जातीचे) साधारण 840 अंश सेल्सिअसला तापवून तेलात विझवतात, मग 150 ते 180 अंशांवर टेंपर करतात, म्हणजे ठिसूळपणा कमी करण्यासाठी पुन्हा बेताने तापवतात. कठिनता रॉकवेल सी मापनश्रेणीवर 60 च्या आसपास येते. तरीही पोलादात ऑक्साइडचा बारीक कण राहिला असेल, तर वारंवारच्या दाबाने त्याच्याभोवती पृष्ठभागाखाली तडा सुरू होतो आणि शेवटी रेसचा टवका उडतो. निर्वातात वायू काढून घेतलेले स्वच्छ पोलाद मिळू लागल्यावर बेअरिंगांचे आयुष्य कितीतरी वाढले.

एकसारख्या बेअरिंगांपैकी 90 टक्के जितके फेरे टिकतात, ते त्यांचे मानक आयुष्य. बॉल बेअरिंगमध्ये ते भाराच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात असते. भार दुप्पट झाला की आयुष्य आठव्या हिश्शावर येते.

बेअरिंगवरचा क्रमांक वाचता येणे ही फिटरची पहिली गरज. 6205 मधला 6 म्हणजे खोल खाचेचे एकेरी बॉल बेअरिंग, 2 ही मापमालिका आणि 05 ला पाचाने गुणले की आतला व्यास, 25 मिमी. हा गुणाकार 04 पासून पुढेच लागू पडतो. 00, 01, 02, 03 म्हणजे अनुक्रमे 10, 12, 15 आणि 17 मिमी. पुढचे ‘झेडझेड’ दोन्ही बाजूंच्या पत्र्याच्या झाकणांचे, तर ‘2 आरएस’ रबरी सीलचे चिन्ह.

प्रत्यक्षात बहुतेक बेअरिंगे गणितातल्या आयुष्याच्या आधीच निकामी होतात आणि ही हानी टाळता येण्याजोगी असते. ग्रीसमध्ये धूळ शिरते किंवा ग्रीस अतोनात भरल्याने बेअरिंग तापते. शाफ्टवर बसवताना बाहेरच्या रेसवर हातोडा मारला, तर तो घाव गोळ्यांमधून जातो, रेसवर खळगे उमटतात आणि नवे बेअरिंग पहिल्या दिवसापासून गुरगुरते. जोर नेहमी घट्ट बसणाऱ्या रेसवरच द्यावा. तापवून बसवायचे असल्यास 110 अंशांच्या वर नेऊ नये, आणि थेट ज्योत तर कधीच दाखवू नये, कारण टेंपर उतरलेले (जास्त तापून मऊ पडलेले) पोलाद थंड झाल्यावर पुन्हा तितके कठीण होत नाही.